अर्धा फेरा

इंजिन फिरतंय. पेटत नाही.
खर्र खर्र खर्र, मग कार्ब्युरेटरमधून एक शिंक,
पेट्रोलच्या वासाची,
आणि ती वारा लगेच उचलून नेतो
कोंबड्यांच्या खुराड्याकडे.

आठ दिवस गेले हेड उतरवून चढवण्यात.
गॅस्केट नवं. टायमिंगचे गिअर नवे,
एस्केलच्या बसमधून आलेले, वर्तमानपत्रात गुंडाळून.
बोल्ट मी पुस्तकातल्या क्रमानं आवळले,
मधून बाहेर, कणीक दाबत जावं तसे.
शेवटी हातात एकही नट उरला नाही.
तेव्हा याचा अभिमान वाटला होता.
आता संशय येतो.

शेवरोले एकाहत्तर सालची. मी तिच्याहून चार वर्षांनी मोठी.

ऐलीन स्टिअरिंगमागे. माझी भाची, तेरा वर्षांची.
तिची सुटकेस रविवारपासून मागच्या सीटवर आहे.
सोमवारी शाळेचं वसतिगृह उघडतं, बस गुरुवारी येते.
मी बोट वर केलं की ती किल्ली फिरवते
आणि गाडी पेटली नाही की
काचेआड तिचा चेहरा किंचित उजळतो.
मी पाहिलं नाही असं दाखवते.

ठिणगी आहे? आहे.
तार चुलीच्या चिमट्यात धरून पाहिली, निळी, टणक.
पेट्रोल? काचेच्या फिल्टरात डुचमळतंय.
हवा?
हवेचं गोबेर्नादोर कोस्तात कुणी विचारू नये.
मग घोडं पेंड खातंय कुठं?

कुंपणापाशी इरियार्ते उभा होता.
किती वेळ, कोण जाणे.
दोन वर्षांपूर्वी त्यानं आपले अकरा पॉप्लर तोडून विकले,
तेव्हापासून वारा सरळ माझ्या पत्र्यावर येतो.
त्या दिवशी मी त्याच्या आईबद्दल बोलले,
तो माझ्या आडनावाबद्दल.
कुरिन्यांको, म्हणाला तो, दातांत काही अडकल्यासारखं.
त्यानंतर शब्द नाही.

तार पायानं दाबून तो आत आला.
पहिला प्लग काढला.
त्या भोकावर अंगठा ठेवला
आणि हनुवटीनं पान्याकडे खूण केली.
मी वाकून पुली फिरवू लागले.

पिस्टन वर आला. खूण शून्यावर.
अंगठा गप्प.
मी आणखी एक पुरा फेरा दिला.
या वेळी आतून हवा दाबत, फुगत आली,
फुस्स, अंगठा उडाला.
"आता," तो म्हणाला.
खूण पुन्हा शून्यावर. तशीच. तिथंच.

डिस्ट्रिब्युटरचं टोपण त्यानं उचललं.
आतला रोटर पाठ करून उभा,
एक नंबरकडे नाही, सहाकडे बोट दाखवत.

पिस्टन दोनदा वर येतो.
एकदा पेटण्यासाठी, एकदा नुसता धूर टाकायला,
आणि खुणेला दोन्ही सारखेच.
माझी ठिणगी आठ दिवस अगदी वेळेवर जात होती.
दारही बरोबर. पण जेव्हा जायची
तेव्हा आतले सगळे बाहेर पडत असायचे.

डिस्ट्रिब्युटर वर. अर्धा फेरा. खाली.
तो बसताना टक् झालं,
ते आम्हा दोघांनाही एकदम कळलं,
आणि आम्ही दोघंही दुसरीकडे पाहिलं.

मी बोट वर केलं.
शेवरोले पेटली, आधी तीनवर, मग पाचवर,
मग सहाही, धुरासकट, थरथरत.
कोंबड्या खुराड्याच्या छपरावर.
ऐलीनचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, चेहऱ्यावर काहीच नाही.

इरियार्तेनं अंगठा पँटला पुसला.
पॉप्लरचं तो बोलला नाही. आईचं मी बोलले नाही.
परत जाताना वाऱ्यानं त्याची टोपी उडवली,
माझ्याच अंगणात.
त्यानं वळून पाहिलं, मग तसाच गेला.

"बंद करू?" ऐलीन ओरडली.
"नको," मी म्हटलं.
"पुन्हा पेटेल याची अजून खात्री नाही."

टोपी उचलायला मी थोडा वेळ घेतला.